गुडघ्याच्या गादीचं ऑपरेशन झालं, आता कामाला कधी लागायचं?

कुडाळ-मालवण पट्ट्यात मी फिजिओथेरपी करते. दवाखान्यात थोडी, घरोघरी जास्त. गुडघ्याचं ऑपरेशन करून माणूस गोव्याहून, कोल्हापूरहून नाहीतर मुंबईहून घरी येतो. पिशवीत एमआरआयची फिल्म, पायाला पट्टा. मी पडवीत चप्पल काढते न काढते तोच प्रश्न येतो, "बाय, कामाक कधी जांव?"

पूर्वी मी या प्रश्नाला तारीख सांगून मोकळी व्हायचे. एका रापणकराला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला, अशीच सांगितली. गादीला टाके घातले होते, सहा आठवडे पुरे झाले होते, चालणं चांगलं होतं, म्हटलं जा. रापण ओढताना माणूस वाळूत टाच रोवून मागे रेलतो, गुडघा वाकलेला असतो आणि दोराच्या ओढीबरोबर पाय जागच्या जागी पिळतो. हे मला माहीत होतं, पण मी ते त्याच्या गुडघ्याशी जोडून पाहिलं नाही. चौथ्या दिवशी गुडघा सोललेल्या नारळाएवढा झाला. टाके सुटले होते. दुसरं ऑपरेशन झालं आणि त्याचा अख्खा हंगाम गेला. ती चूक माझी होती. तेव्हापासून मी आधी काम विचारते, मग दिवस मोजते. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

आधी डिस्चार्ज कार्ड वाचा

आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींना 'गादी' म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. एक म्हणजे मेनिस्कस. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांमध्ये बसलेल्या, चंद्रकोरीसारख्या दोन चकत्या, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. दुसरी म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत पांढरा थर, करवंटीला खोबरं चिकटलेलं असतं तसा. ही सांध्याची कूर्चा. मेनिस्कसच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला नसतो. हाडावरच्या कूर्चेला तर रक्तवाहिन्याही नाहीत आणि वेदना कळवणाऱ्या नसाही नाहीत. म्हणून ती स्वतःहून नीट भरून येत नाही, आणि ती झिजत असताना माणसाला बराच काळ पत्ताही लागत नाही.

ऑपरेशन कोणतं झालं यावर पुढचं सगळं ठरतं. कार्डावर 'पार्शल मेनिसेक्टॉमी' असेल तर फाटलेला तुकडा कापून कडा सारखी केली आहे. यात भरून यायचं असं फारसं काही नसतं, त्यामुळे बहुतेकांना पहिल्या दिवसापासून सोसेल तसा भार देता येतो. 'मेनिस्कस रिपेअर' असेल तर टाके घातले आहेत. टाके जुळायला वेळ लागतो. म्हणून चार ते सहा आठवडे कुबड्या आणि पट्टा, आणि गुडघा ९० अंशांच्या पुढे वाकवायचा नाही.

'मायक्रोफ्रॅक्चर' म्हणजे कूर्चा गेलेल्या जागी हाडाला बारीक छिद्रं पाडली आहेत. मज्जेतल्या पेशी वर येऊन तिथे नवा थर धरतात. ही पद्धत १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या रिचर्ड स्टेडमन यांनी रुळवली. हा नवा थर मूळ कूर्चेइतका टणक नसतो आणि सुरुवातीला अगदी कोवळा असतो. जागा भार पडणारी असेल तर साधारण सहा ते आठ आठवडे त्या पायावर वजन द्यायचं नाही. 'मोझाइकप्लास्टी'त कमी भाराच्या जागेतून हाड-कूर्चेच्या बारीक गुल्ल्या काढून खड्ड्यात बसवतात. 'एसीआय'मध्ये तुमच्याच कूर्चेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून परत घालतात. या सगळ्यात सावकाश चालणारं काम एसीआयचं. वर्ष धरूनच चाला.

कातडीवरची छिद्रं मात्र बहुतेकांची सारखीच दिसतात, दोन-तीन, जेमतेम सेंटिमीटरभराची. त्यामुळे "शेजारचा तर आठ दिवसांत स्कूटर चालवत होता" ही तुलना घरोघरी होते. शेजाऱ्याचा तुकडा कापला असेल आणि तुमचे टाके असतील.

दवाखाना सोडण्याआधी सर्जनकडून या गोष्टी लिहून घ्या: पायावर किती भार चालेल, किती वाकवायचं, पट्टा रात्रीही लावायचा का, कातडीवरचे टाके कधी काढायचे, पुढची तारीख कोणती. बोलण्यातलं विसरतं, म्हणून लिहूनच. मी इथे दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या कार्डावर वेगळं असेल तर कार्डावरचं खरं.

वेळ निवडता येत असेल तर

गुडघा अडकून बसला असेल, सरळच होत नसेल, तर वाट पाहू नका. पण पुष्कळांना महिना-दोन महिने पुढे-मागे करता येतं. मच्छीमार म्हणतात, १ जून ते ३१ जुलै बंदीच असते, तेव्हाच करू. तुकडा कापायचा असेल तर हे ६१ दिवस कसेबसे पुरतात. टाके घालायचे असतील तर १ ऑगस्टला तुम्ही बोटीवर उभे राहण्याच्या जवळपासही नसाल, हे घरात आधी बोलून ठेवा. शिवाय ते दिवस पावसाचे. चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, खळ्यात चिखल, आणि हातात कुबड्या. दसऱ्यानंतर ते माघापर्यंतचा काळ मला सगळ्यात बरा वाटतो. हापूसवाल्यांना फवारणी आणि राखण यांमुळे तो जमत नाही, हेही मला कळतं. त्यांनी मेअखेरीस काढणी उरकून करावं, पण मग पावसासाठी घर आधी तयार ठेवावं.

घर

हे ऑपरेशनच्या आधी करा, नंतर घरात कोणाला उसंत नसते.

खाट उंच हवी. काठावर बसल्यावर मांडी गुडघ्याच्या थोडी वर राहील इतकी. पायांखाली एकसारखे लाकडी ठोकळे घाला आणि खाट हलवून पाहा. चिरा घातलात तर तो डुगडुगत नाही ना, हे बघा. संडास भारतीय असेल तर मेडिकलमधून कमोडची खुर्ची आणा. भाड्यानेही मिळते. उकिडवं बसणं पूर्ण बंद. "एकदाच बसते हळूच" यातून टाके सुटलेले मी पाहिले आहेत. न्हाणीत प्लॅस्टिकची हातवाली खुर्ची, खाली रबरी मॅट, आणि तांब्या हाताशी येईल अशा उंचीवर बादली.

दारातलं गोणपाट उचला. कुबडीखाली सगळ्यात आधी तेच सरकतं. जुन्या घरांतले उंबरे उंच असतात. कडेला पांढऱ्या रंगाची पट्टी ओढा, रात्री दिसेल. लाईट जाते, म्हणून बॅटरी उशाशी. कुबड्यांच्या टोकांचे रबर नवे घ्या, आणि पावसातून आत आलात की फरशीवर पाऊल टाकण्याआधी ते पुसा. ओलं रबर आणि गुळगुळीत फरशी यांच्यामुळे माझे दोन पेशंट पडले आहेत.

कुबड्या ऑपरेशनच्या आधीच खळ्यात चालवून बघा. काखेत दोन-तीन बोटं जातील इतकी जागा हवी, मूठ मनगटाच्या रेषेत, कोपर किंचित वाकलेलं. भार तळहातावर. काखेत लटकलात तर तिथली नस दबते आणि हाताला मुंग्या येतात. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी वर, मग दुखरा पाय आणि कुबड्या. उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी खाली, मग चांगला. हे दहा वेळा करून अंगवळणी पाडा.

घरी येण्याचा प्रवास

कोल्हापूरहून फोंडा किंवा गगनबावडा घाट उतरून यायचं असेल तर गाडीच्या मागच्या सीटवर आडवे बसा. पाय सीटवर लांब, टाचेखाली उशी. दर तासाला थांबा, कुबड्यांवर चार पावलं टाका. बसल्या जागी दर दहा-पंधरा मिनिटांनी घोटा वर-खाली हलवत राहा. पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसलं की पोटरीच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. रेल्वेने येत असाल तर खालची बर्थ घ्या आणि सामान उचलायला दुसरा माणूस ठेवा. कणकवली, कुडाळला गाडी फार वेळ थांबत नाही, आणि घाईत उतरताना पाय मुरगळतो. एसटीची पहिली पायरी उंच असते, त्यामुळे पहिले सहा आठवडे एसटीचा विचारच नको.

पहिले पंधरा दिवस

या दिवसांत तीनच गोष्टी मिळवायच्या: सूज खाली, गुडघा पूर्ण सरळ, मांडीचा स्नायू जागा.

सुजेला लोक किरकोळ समजतात. गुडघ्यात पाणी साठलं की मांडीचा पुढचा स्नायू आपोआप ढिला पडतो, मेंदूच त्याला कमी हुकूम सोडतो. मग तुम्ही कितीही व्यायाम करा, तो धरत नाही. म्हणून बर्फ. टॉवेलमध्ये गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, थेट कातडीवर नाही. पाय हृदयापेक्षा वर राहील असा उशांवर ठेवा. उशी टाचेखाली आणि पोटरीखाली हवी, गुडघ्याखाली कधीच नको. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, हे खरं आहे. पण गुडघा तसाच वाकलेला आखडतो, आणि नंतर तो सरळ करण्यासाठी जो त्रास होतो तो मी रोज बघते. उताणं झोपून गुडघ्याच्या मागे हाताचा पंजा सारून पाहा. चांगल्या पायाखाली जितकी जागा आहे तितकीच दुखऱ्या पायाखाली राहिली पाहिजे. हे पहिल्या दोन आठवड्यांत साधलं तर पुढचं निम्मं सोपं होतं.

व्यायाम साधे आहेत. जागे असाल तेव्हा दर तासाला घोटा वर-खाली, वीसदा. मांडी आवळून गुडघ्याची मागची बाजू अंथरुणात दाबायची, मनात पाच मोजायचं, सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून पाच-सहा फेऱ्या. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. उचलताना गुडघा थोडासुद्धा वाकत असेल तर स्नायू अजून तयार नाही. त्या दिवशी नुसतं दाबणंच करा. टाच अंथरुणावरून सरकवत गुडघा वाकवायचा, पण कार्डावर लिहिलेल्या अंशापर्यंतच. गुडघ्याची वाटी डाव्या-उजव्या बाजूला, वर-खाली अलगद सरकवायला तुमच्या फिजिओकडून शिकून घ्या, नाहीतर ती चिकटते. मायक्रोफ्रॅक्चर झालं असेल तर सर्जन पाय आपोआप हलवणारं सीपीएम मशीन दिवसाला सहा-आठ तास लावायला सांगतात. नवा थर धरायला ही सततची हलकी हालचाल लागते. मशीन मिळालं नाही तर हाताने टाच सरकवण्याच्या फेऱ्या वाढवाव्या लागतात. किती, ते विचारून घ्या.

एक शिंप्याची टेप घ्या. रोज सकाळी उठल्यावर, चालण्याआधी, दोन्ही गुडघ्यांचा वाटीच्या मध्यावरचा घेर मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहा. कालच्यापेक्षा एक सेंटिमीटरने वाढला तर काल जास्त झालं. आज निम्मं करा. हा कॅलेंडरचा कागद मला कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त सांगतो.

तेलाचं मालीश, निगडीच्या पाल्याचा शेक, हे या दिवसांत नको. आजीच्या मायेबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण ताज्या जखमेला शेकाने सूज चढते, आणि पोटरीत गुठळी झाली असेल तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तसंच "मासे खाऊ नको, जखम चिघळेल" हेही सोडून द्या. बांगडा, तारली, अंडी, कुळथाची पिठी, उसळी, सगळं खा. स्नायू भरायला प्रथिनं लागतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून. तंबाखू, मिश्री आणि सिगारेट यांनी जखम आणि टाके भरायला वेळ लागतो. यावेळी सोडलीच तर फारच छान.

पावसात पट्टी ओलसर राहते आणि टॉवेल वाळत नाहीत. जखमेसाठी वेगळे, इस्त्री केलेले दोन सुती टॉवेल ठेवा. कातडीवरचे टाके काढेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस, अंघोळीला गुडघा प्लॅस्टिकने बंद करा.

ताबडतोब डॉक्टरांना फोन करायच्या वेळा या: पोटरी दुखून टणक, गरम आणि सुजलेली होणं, १०१च्या वर ताप, जखमेतून पू किंवा वास, वाढत जाणारी लाली, गुडघा मध्येच अडकून न हलणं. आणि अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर फोनाफोनी करत बसू नका, सरळ १०८ला फोन लावा.

भार द्यायला शिकणं

"थोडाच भार द्या" म्हणजे किती, हे कोणी दाखवत नाही. वजनाचा साधा काटा आणा. कुबड्यांवर उभं राहून दुखरा पाय काट्यावर ठेवा आणि काटा १५-२० किलोपर्यंत जाईल इतकंच दाबा. डोळे मिटून पुन्हा तेवढंच दाबून बघा. चार-पाच दिवसांत पायाला ते ओळखू येतं. 'फक्त स्पर्श' असं लिहिलं असेल तर पावलाखाली पोह्याचा पापड आहे आणि तो मोडायचा नाही, असं समजून पाऊल टेका. पाय सतत हवेत उचलून धरायचा नसतो, त्याने कंबर आणि गुडघा दोन्ही दमतात.

भार वाढवायचा तो आठवड्याने, दिवसाने नाही. दोन कुबड्या सुटल्यावर एक ठेवायची ती चांगल्या बाजूच्या हातात. लोक हटकून उलट धरतात. लंगडणं पूर्ण जाईपर्यंत ती एक सोडू नका. लंगडत चालण्याची सवय लागली की कंबर धरते, आणि ती सवय मोडायला गुडघा बरा होण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

सहा आठवड्यांनंतर

कार्डाप्रमाणे पायावर पूर्ण भार चालत असेल तर आता भिंतीला पाठ टेकून थोडंसं बसणं, ४५ अंशांपर्यंत. टाचा उचलणं. खुर्चीतून हात न टेकता उठणं. स्थिर सायकल मिळाली तर उत्तम. सीट उंच, ओझं कमी, दहा मिनिटांपासून सुरुवात. मग एका पायावर तोल: आधी दाराची चौकट धरून, मग न धरता, मग घडी घातलेल्या घोंगडीवर. व्यायाम करताना थोडं दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते निवलं पाहिजे आणि टेप वाढलेली नको.

समुद्रकिनारी चालायचं असेल तर ओहोटीला, पाण्याजवळच्या ओल्या टणक वाळूवर. वरची कोरडी वाळू पाय आत ओढते आणि गुडघा पिळते, ती तीन महिन्यांनंतर. किनारा उतरता असतो, म्हणून एक पाय सतत खाली राहतो. जितकं गेलात तितकंच त्याच पट्ट्यावरून परत या. लाटांत उभं राहू नका. पायाखालची वाळू सरकली की पाय रुततो आणि शरीर वळतं. टाके घातलेल्या गादीला हाच पीळ सगळ्यात वाईट.

गणपतीला मांडी घालून पूजेला बसायचं मन होतं. टाके किंवा कूर्चेचं काम झालं असेल तर यंदा खुर्चीवर बसून आरती म्हणा. शिमग्यात पालखी नाचवायला खांदा देण्याचं पुढच्या वर्षावर टाका. मानकऱ्यांना आधीच सांगून ठेवलं तर कोणी वाईट मानत नाही.

काम मोजा

एक वही घ्या आणि कामाचा एक पूर्ण दिवस लिहून काढा. किती वेळ उभं, किती पायऱ्या, किती वेळा खाली बसून उठणं, किती किलो, किती लांब, ओली-निसरडी जागा कुठे, गुडघा कुठे पिळतो. माझ्याकडे खानावळ चालवणाऱ्या एक ताई होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "घरचंच तर काम." लिहायला लावलं. अडाळ्यावर बसून दिवसाला आठ-दहा नारळ, विहिरीवरून पाणी, चुलीपुढे उठबस, सांडलेलं पुसायला ओणवं, माडीवरच्या पाहुण्यांना चहा. उकिडवं किंवा पाटावर बसून उठणं दिवसाला चाळीसच्या वर भरलं. त्या नुसत्या कागदाकडे बघत राहिल्या. घरात राबणाऱ्या बाईची रजा कोणी मंजूर करत नाही, म्हणून तिची यादी मी सगळ्यात आधी करते. नवरा, सासू समोर असतील तर त्यांच्यादेखतच.

यादी झाली की अंदाज असा बसतो. बँक, तहसील, शाळेतलं टेबलाचं काम: तुकडा कापला असेल तर एक-दोन आठवडे, टाके असतील तर दोन ते चार, तेही येण्या-जाण्याची सोय असेल तर. पाय स्टुलावर ठेवा आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठा. दुकान, खानावळ, वर्गात उभं राहून शिकवणं: कापल्यावर तीन ते सहा आठवडे, टाक्यांनंतर आठ ते बारा. चिरेखाण, गवंडीकाम, बोट, भातलावणी, आंब्याच्या कलमावर चढणं: कापल्यावरही सहा ते आठ आठवडे, टाक्यांनंतर चार ते सहा महिने, कूर्चेच्या ऑपरेशननंतर किमान सहा महिने आणि बऱ्याचदा नऊ ते बारा.

स्कूटरची परीक्षा वेगळी. अचानक थांबून गाडीचं वजन दुखऱ्या पायावर पेलता आलं पाहिजे. उभ्या गाडीवर बसून हे आधी घरी करून बघा. झोप आणणारी वेदनाशामक गोळी चालू असेल तोवर गाडी हातात घेऊ नका. टाके असतील तर सहा-आठ आठवड्यांच्या आत तर नकोच.

आणि मग रंगीत तालीम. अर्धा तास सपाटीवर न लंगडता चालणं, दुखऱ्या पायावर तीस सेकंद उभं राहणं, दहा पायऱ्या कठडा न धरता एकाआड एक पायाने चढणं-उतरणं. ही तिन्ही जमली आणि दुसऱ्या दिवशी टेप वाढली नाही, की तुमचं खरं काम घरी करून बघा. कलमवाल्याने क्रेट निम्मा भरून पन्नास पावलं न्यावा, मग पाऊण, मग पूर्ण. बोटीवरच्याने घोंगडीवर उभं राहून दोर ओढावा, समोरून कोणीतरी धरून. पाऊल वळतं तिथे गुडघा आणि पंजा एकाच दिशेला ठेवून अख्खं पाऊल फिरवायचं, गुडघा पिळायचा नाही. हे शंभर वेळा केल्याशिवाय अंगात मुरत नाही. कलमावर चढण्याऐवजी जमिनीवरून झेल्याने, म्हणजे आंबे काढायच्या जाळी लावलेल्या काठीने, जितकं निघेल तितकं काढा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला नूतन झेला बागायतदारांना ठाऊक आहेच.

सुरुवात अर्ध्या दिवसाने, एक दिवस आड. पहिल्या आठवड्यात तोच कॅलेंडरचा कागद पुढे चालू. टेप सलग दोन सकाळी वाढलेली दिसली तर एक पायरी मागे या, काम सोडू नका.

कागदपत्रं

डॉक्टरांच्या दाखल्यावर "विश्रांती" एवढंच लिहिलं तर साहेबाला त्यातून काही कळत नाही. "सहा आठवडे शिडी नाही, १० किलोच्या वर वजन नाही, सलग एका तासापेक्षा जास्त उभं राहणं नाही" असं लिहून मागा. सरकारी नोकरीत महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते. वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते, मात्र खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. परत रुजू होताना तंदुरुस्तीचा दाखला लागतो. ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचा, विमा असेल तर अटी पुऱ्या झाल्यास वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ मिळतो. दाखले वेळेवर भरा. फुले जन आरोग्य योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. तुमचं ऑपरेशन योजनेत बसतं का, हे दाखल होण्याआधी त्याला विचारा. ज्यांचं पोट हातावर आहे त्यांनी बदली गड्याची मजुरी ऑपरेशनच्या खर्चातच धरावी. नाहीतर पैशाच्या ओढीने माणूस चौथ्या आठवड्यात कामावर जातो.

काय कायमचं बदलायचं

तुकडा कापलेल्यांपैकी पुष्कळ जण तीन-चार महिन्यांनी पुन्हा खाली बसू शकतात. टाक्यांनंतर सहा महिन्यांच्या आत प्रयत्नही नको. कूर्चेचं काम भार पडणाऱ्या जागी झालं असेल तर उकिडवं आणि मांडी घालून बसणं शक्य तितकं टाळा, बरं वाटत असलं तरी. गादीचा तुकडा गेला की भार थेट कूर्चेवर येतो, आणि पुढे संधिवाताची शक्यता वाढते. वजन उतरवण्याचा फायदा इथे थेट दिसतो. गुडघेदुखीच्या रुग्णांवरच्या अभ्यासात एक किलो कमी झालं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटलेला दिसला.

खानावळवाल्या ताईंनी ओट्याला घट्ट बसणारी स्क्रूची खवणी आणली. पहिले आठ दिवस त्या म्हणत राहिल्या की खोबरं अडाळ्यासारखं येत नाही. नंतर बोलणं थांबलं. मालवणच्या बाजारात मासे विकणाऱ्या एक काकी पाचव्या महिन्यात परत बसल्या, त्या पाटाऐवजी फायबरच्या स्टुलावर. मासे कापायची फळी दोन उपड्या क्रेटवर ठेवली आहे, कंबरेच्या उंचीला. गेल्या खेपेला मी सुरमई घ्यायला गेले तेव्हा शेजारच्या दोघींकडेही स्टुलं होती.